सातवी कुपी

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर तुम्ही म्हणायला नको की लपवलं. मावशीला आमच्या प्रयोगशाळेतून मी काढलं. म्हणजे हुकूम सरांचा होता, पण तक्रारीचं पत्र माझं, खाली सही माझी, आणि ते लिहिताना मला जरासुद्धा वाईट वाटलं नव्हतं. माझा स्वभावच तसा. डोकं तापलं की हातात पेन येतं, आणि डोकं निवेपर्यंत कागद दुसऱ्याच्या टेबलावर जाऊन पडलेला असतो. आई म्हणते, तुला लिहायला शिकवलं तिथेच आमचं चुकलं.

मावशी म्हणजे आमच्याकडची काच धुणारी बाई. बावीस वर्षं त्याच सिंकपाशी उभी. सगळे तिला मावशीच म्हणायचे, अगदी सरसुद्धा, जे तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठे असतील. उंच, हाडापेरानं मजबूत, पायात पुरुषी बूट, कारण तिथली फरशी कायम ओली. उजव्या अंगठ्याला नख नव्हतं, ते कुठल्याशा ॲसिडनं फार पूर्वी नेलं होतं. डाव्या कानानं कमी ऐकू यायचं, त्यामुळे डावीकडून काही बोललं तर उत्तर मिळायचं नाही आणि नवीन आलेल्यांना वाटायचं, बाई फार भाव खाते. एक मुलगी, दुसऱ्या गावी नर्स. नवरा आमच्याच संस्थेची बस चालवायचा, तो वारला तेव्हा हिनं तीन दिवस सुट्टी घेतली आणि चौथ्या दिवशी येऊन साठलेल्या सगळ्या काचा धुतल्या. हे मी यंत्रवाल्याकडून ऐकलं. यंत्रवाला म्हणजे क्ष-किरणांचं यंत्र चालवणारा आमचा बुवा, त्याच्याबद्दल पुढे येईलच.

तिची धुण्याची पद्धत ठरलेली. ब्रश, नळाचं पाणी, मग शुद्ध पाणी, आणि मग ती इवलीशी बाटली खिडकीकडे धरून, एक डोळा मिटून, दोन बोटांत गर्रकन फिरवायची. या बाटल्या बोटभर उंचीच्या असतात, आम्ही त्यांना व्हायल म्हणतो. मावशी कुप्या म्हणायची. हळूहळू आम्हीही कुप्या म्हणायला लागलो.

आता आमचं काम काय, तेही सांगायला हवं, आणि इथेच माझी पंचाईत होते. आईला सहा वर्षं समजावतेय, तिला अजून वाटतं मी नकली हिरे बनवते. एक धातू घ्यायचा. माझा कोबाल्ट. त्याचा एकेक अणू म्हणजे चार-सहा हात असलेला माणूस समजा. मग एक लांब, ताठ सेंद्रिय रेणू घ्यायचा, ज्याच्या दोन्ही टोकांना पकड आहे. त्याला लिगंड म्हणतात. धातूनं लिगंडचं एक टोक धरायचं, दुसरं टोक दुसऱ्या धातूनं, त्या दुसऱ्यानं आणखी एक लिगंड, असं करत करत न संपणारी जाळी तयार होते. जाळीच्या खोल्यांमध्ये द्रावकाचे रेणू भाडेकरूसारखे राहायला येतात. यातलं काहीही डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो फक्त स्फटिक, मिठाच्या कणाएवढा. तो यंत्रात धरून त्यावर क्ष-किरण सोडले की ते ठिपक्याठिपक्यांनी विखुरतात, आणि त्या ठिपक्यांवरून आत कोण कुठे उभं आहे, कुणी कुणाचा हात धरलाय, हे काढता येतं. पण त्यासाठी एक चांगला, अखंड स्फटिक लागतो. नुसती पावडर असली की यंत्र गोंधळतं आणि आपण त्याहून जास्त.

मावशीला हे सगळं कुणी कधी सांगितलं नव्हतं, पण तिनं स्वतःची वर्गवारी केली होती. कुपीच्या तळाशी चौकोनी दाणे आले की ‘साखर’. लांब बारीक आले की ‘सुया’. पातळ चपटे आले की ‘पापुद्रे’. आणि पावडर आली की ‘माती’. सकाळी मी आत शिरले की ती सिंकपाशीच उभं राहून, न वळता, निकाल जाहीर करायची. “पोरी, आज माती गं.” माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकतर माती, वर ती दुसऱ्यानं सांगायची.

माझ्या पीएच.डी. प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाला लागणारा स्फटिक पहिल्यांदा आला तो पाचव्या वर्षी. गुलाबी, चौकोनी, साखर. कुपीत खाली लिगंडच्या द्रावणाचा थर, वर कोबाल्टच्या द्रावणाचा, मधे कोऱ्या द्रावकाची पातळ गादी. दोन्ही हळूहळू एकमेकांकडे सरकतात आणि मधे भेटतात. म्हणजे भेटायला हवेत. मी तो स्फटिक बाहेर काढला आणि आनंदाच्या भरात सरांना दाखवायला काचपट्टीवर तसाच घेऊन गेले. तेलात बुडवायला हवा होता. सरांच्या दारापर्यंत पोचेस्तोवर खोल्यांतले भाडेकरू पळाले होते, स्फटिक पांढरट पडला आणि बघता बघता भेगाळला. सर म्हणाले, “इंटरेस्टिंग.” सर सगळ्यालाच इंटरेस्टिंग म्हणतात.

उरलेल्या तुकड्यावर यंत्रवाल्यानं जमेल तेवढं मोजलं. अर्धवट चित्र आलं. एक जाळी दिसत होती, पण तिच्या खोल्यांमध्ये आणखी काहीतरी होतं. भाडेकरू, की दुसरी अख्खी जाळी पहिलीच्या आरपार गेलेली? मी दोन महिने त्या ठिपक्यांकडे बघत बसले. एक दिवस वाटायचं एक जाळी, दुसऱ्या दिवशी वाटायचं दोन. यंत्रवाला म्हणाला, “बाई, मला विचारू नकोस. मी यंत्र चालवतो, भविष्य सांगत नाही.”

मग मी सहा नव्या कुप्या लावल्या, प्रत्येकीत प्रमाण जरा वेगळं, प्रत्येकीवर लेबल, आणि माझ्या टेबलावर नजरेसमोर ठेवल्या. पाचव्या दिवशी त्या गायब.

ही काही पहिली वेळ नव्हती. माझ्या कुप्या अधूनमधून नाहीशा व्हायच्या आणि आठ-पंधरा दिवसांनी टेबलावर परत यायच्या. मावशीला विचारलं की म्हणायची, “असतील इथेच.” पुन्हा विचारलं की डावा कान पुढे करायची. पण या वेळी त्या सहा कुप्या पंधरा दिवस झाले तरी आल्या नाहीत. त्याच आठवड्यात धुऊन ठेवलेल्या काचेवर मला ओरखडे दिसले, शिवाय एका कुपीवरचं लेबल पुसलेलं. झालं! डोकं तापलं, हातात पेन आलं. मी तीन आरोप लिहिले: काचेला ओरखडे पाडते, लेबलं पुसते, वस्तू जागेवरून हलवते. खाली लिहिलं, सहा नमुने कायमचे हरवले. सरांकडे तसाही काच धुण्याच्या मशीनचा प्रस्ताव पडून होता. तीन आठवड्यांत मशीन आलं आणि मावशीची बदली मुख्य इमारतीत, जुन्या कागदपत्रांच्या खोलीत झाली.

शेवटच्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी आली होती. हातातला ब्रश टॉवेलला पुसत म्हणाली, “मॅडम, ते वरच्या...” मी मान वर न करता म्हटलं, “मावशी, आत्ता नको. मोजणी चालू आहे.” तिनं ब्रश सिंकपाशी नेऊन ठेवला. मग गेली. इतक्या वर्षांत तिनं कुणाला मॅडम म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. तेव्हा वाटलं, बरंय, आता कळली जागा. काय बाई होते मी! म्हणजे अजून आहेच, पण तेव्हा जरा जास्तच.

त्यानंतर आठ महिने माती.

हसू नका. आठ महिने म्हणजे काय ते तुम्हाला सांगते. मशीन काच अशी धुवायचं की कुपीत स्वतःचा चेहरा दिसावा. मी त्याच बाटलीतला कोबाल्ट, तेच लिगंड, तेच द्रावक घेत होते. तराजू तपासला. लिगंड पुन्हा नव्यानं बनवून शुद्ध केलं. द्रावकाची नवी बाटली फोडली, मग वाटलं जुनीच बरी होती, मग जुनी शोधायला कचऱ्याच्या खोलीत गेले. चाळीस कुप्या लावल्या. चाळीसही वेळा गुलाबी माती. एक कुपी यंत्रवाल्याकडे नेली, तर तो भिंगातून बघून म्हणाला, “पावडर मला कशाला दाखवतेस? तोंडाला लाव.”

पाचव्या महिन्यात समितीची बैठक झाली. तिघं जण, त्यांच्यापुढे माझं अर्धवट चित्र. त्यांनी सरळ सांगितलं: जाळी एक की दोन, हे पक्कं ठरल्याशिवाय तिसरं प्रकरण धरता येणार नाही. आणि तिसऱ्या प्रकरणाशिवाय प्रबंध उभाच राहत नव्हता. माझी मुदत एकदा वाढवून झालेली होती, पुन्हा वाढणार नव्हती. सत्र संपेपर्यंत एक धड स्फटिक, नाहीतर सहा वर्षं पाण्यात. सर म्हणाले, “एकदा आला तर पुन्हा येईल.” मी विचारलं, “का येईल?” सर म्हणाले, “इंटरेस्टिंग प्रश्न.” तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की त्यांनाही माहीत नाही.

यंत्रवाला चहाच्या वेळी सहज बोलून गेला, “मावशी होती तेव्हा यायचे.”

मी म्हटलं, “काहीतरीच काय. मावशी काय मंत्र म्हणायची?”

“मला काय माहीत. मी आपलं वहीत बघितलं. ती गेल्यापासून या मजल्यावरून माझ्याकडे एकही चांगला स्फटिक आलेला नाही. तुझाच नाही, कुणाचाच नाही.”

त्याची वही मी स्वतः बघितली. खरंच होतं. ओरखडे? हो, ओरखड्यांवर स्फटिक धरतात हे शाळकरी ज्ञान आहे, काचेला खरवडून स्फटिक उगवण्याची युक्ती सगळेच करतात. म्हणजे मशीनच्या चकचकीत काचेनं घात केला! मी तारेनं वीस कुप्या आतून खरवडल्या. माती. मग वाटलं नळाचं पाणी, त्यातलं काहीतरी काचेला चिकटून राहत असेल. मशीनला हात न लावता, अडगळीतून मावशीचा जुना ब्रश शोधून, मी स्वतः सिंकपाशी उभी राहून वीस कुप्या धुतल्या. तासाभरात कंबर मोडली. बसायला बघितलं तर सिंकपाशी बसायला काही नव्हतं. एक स्टूल असायचं पूर्वी, ते मीच दुसऱ्या वर्षी माझ्या तराजूपाशी नेलं होतं. वीस कुप्या, पुन्हा माती. मग मला सुचेना. एक आरोप ओरखड्यांचा, तो तपासून झाला. दुसरा लेबलांचा, लेबलाचा आणि स्फटिकाचा काय संबंध? तिसरा वस्तू हलवण्याचा, तर हलवण्यानं उलट स्फटिक बिघडतात. काही केल्या जुळत नव्हतं. सत्र संपायला एकोणीस दिवस उरले होते.

शेवटी नाक मुठीत धरून मी मुख्य इमारतीत गेले.

कागदपत्रांची खोली तळमजल्यावर, लांबट, दोन्ही बाजूंना लोखंडी कपाटं, टोकाला खिडकी आणि खिडकीपाशी टेबल-खुर्ची. मावशी खुर्चीत बसून फायलींना नवी फीत बांधत होती. बूट काढून बाजूला ठेवले होते. मला बघून उठली नाही.

“या मॅडम. कुठली फाईल हवीय?”

“फाईल नको, मावशी. एक विचारायचं होतं.”

“विचारा.”

मी वाटेत फार सुंदर वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना. मी एकदम म्हणाले, “मावशी, तुम्ही कुप्यांना काय करायचात?”

“धुवायची.”

“तसं नाही हो! तुम्ही गेल्यापासून नुसती माती येतेय. कुणालाच काही येत नाही. मी ओरखडेसुद्धा पाडून बघितले.”

तिनं फितीची गाठ मारली, टोक कापलं, फाईल बाजूला ठेवली. मग विचारलं, “कुप्या ठेवता कुठे?”

“टेबलावर. समोर.”

“आणि बघता किती वेळा?”

खरं सांगायचं तर दर तासाला. उचलायची, उजेडाकडे धरायची, जरा तिरकी करायची, ठेवायची. कोण नाही बघणार? सहा वर्षं त्यावर टांगलेली.

“सगळी पोरं तशीच,” ती म्हणाली. “कुपी लावली की झाली सुरुवात. उचल, बघ, ठेव. उचल, बघ, ठेव. दोन दिवसांत आतलं सगळं ढवळून निघायचं, तिसऱ्या दिवशी माती, की आली माझ्याकडे धुवायला. वर रडायचं. म्हणून मी उचलून दुसरीकडे ठेवायची. तुम्हाला दिसणार नाही अशा ठिकाणी.”

“मग सांगायचं नाही का आम्हाला?”

“सांगितलं असतं तर तिथे चढून बघितलं असतंत.”

मला रागही आला आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे धड काहीच झालं नाही. आमच्या विषयाच्या प्रत्येक पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं की कुपी हलवू नका. ते मी नव्या पोरांना स्वतः शिकवलेलं आहे. मला वाटायचं मी हलवत नाही, मी नुसती बघते.

मग तिनं विचारलं, “पत्रात किती हरवल्या म्हणून लिहिलं होतंत?”

“सहा.”

“सात होत्या,” मावशी म्हणाली आणि बूट चढवू लागली.

आम्ही दोघी प्रयोगशाळेत आलो. ती आत शिरली तसे सगळे वळून बघायला लागले, यंत्रवाला त्याच्या खोलीतून बाहेर आला. मावशी कुणाशी बोलली नाही. सिंकपाशी जाऊन मशीनकडे एकदा बघितलं. मग मला म्हणाली, “माझं स्टूल आणा.”

मी तराजूपाशी धावले आणि स्टूल आणून दिलं. काच वाळवायचा मोठा ओव्हन आहे, त्याच्यावर हवा खेचणाऱ्या नळीमागे भिंतीत एक कोनाडा आहे. मी सहा वर्षं त्या ओव्हनसमोर उभी राहिले, पण तो कोनाडा कधी बघितला नाही. मावशी एका हातानं गुडघा दाबत स्टुलावर चढली. मी धरायला गेले तर म्हणाली, “हात नको.” कोनाड्यातून तिनं बुटांचा एक खोका काढला. इतका सावकाश की खोक्यावरची धूळसुद्धा हलली नाही. आत लोकरीचा जुना तुकडा, आणि त्यात रोवून ठेवलेल्या सात कुप्या.

पहिल्या दोन कोरड्या पडल्या होत्या. तीन कुप्यांत माती. सहावीत सुया होत्या, बिनरंगी, म्हणजे नुसतं लिगंड, त्यात धातूचा पत्ताच नाही. सातवीवर लेबल नव्हतं. मावशीनं ती बाहेर काढली नाही, खोकाच खिडकीकडे वळवला.

तळाशी साखर होती. गुलाबी, आरपार दिसणारी, एकेक दाणा मोहरीपेक्षा मोठा.

“ही... ही माझी नाही,” मी म्हणाले. “माझ्या सहाच होत्या.”

“ही तुम्ही धुवायला टाकली होतीत. सिंकमध्ये. मी हातात घेतली तेव्हा काठापाशी एक कण चमकला. म्हटलं, राहू दे हिला.” ती स्टुलावरून उतरली. “लेबल ओलं होऊन गेलं. ते मात्र माझ्याकडूनच पुसलं गेलं. पत्रात बरोबर होतं ते.”

“मावशी, त्या दिवशी तुम्ही हेच सांगायला आला होतात?”

“हो.”

एवढंच. रागानंही नाही, मायेनंही नाही. मी तिथेच स्टुलावर बसले, आणि बसल्यावर लक्षात आलं की हे स्टूल तिचं आहे, म्हणून पुन्हा उठले.

या वेळी मी कुपीला हात लावला नाही. यंत्रवाल्यानंच एक दाणा तेलात उचलला, केसाएवढ्या बारीक फासात धरला आणि थंड वायूच्या झोतात बसवला. त्याचा हात किती हलका आहे हे मी त्या दिवशी बघितलं. पडद्यावर पहिला फोटो आला. ठिपके कसे, रेखीव, काठापर्यंत. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “आलं बाई.” मी रडले. लाज वाटून घ्यायला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चित्र पूर्ण झालं: जाळ्या दोन. एक दुसरीच्या आरपार गेलेली, एका ठिकाणीही एकमेकींचा हात न धरलेल्या. खोल्यांमध्ये पाणी, आणि शिवाय कुणीतरी एक, जे अजूनही नीट दिसत नाही.

आता तुम्ही म्हणाल, कोडं सुटलं. कुठलं सुटलं? सातही कुप्या एकाच खोक्यात, एकाच ओव्हनच्या उबेत, आठही महिने जागच्या जागी होत्या. मग सहांना काय झालं? सातवीत प्रमाण काय होतं ते मला माहीत नाही, कारण ती मी चिडून फेकली होती आणि वहीत नुसती फुली मारली होती. सिंकमध्ये तिच्यात दोन थेंब पाणी गेलं असेल का? ओरखडा असेल का? मी नंतर बारा कुप्या त्याच कोनाड्यात ठेवल्या आणि एकदाही बघितल्या नाहीत. दोन चांगल्या आल्या, दहा माती. दोन का, आणि दहा का? मी प्रबंधात सगळं खरं लिहिलं, प्रमाण नक्की माहीत नाही हेसुद्धा. लिहिलं की कुपी आमच्या मावशींनी टाकाऊतून वाचवून आठ महिने ठेवली. सरांनी तिथे खोडून ‘कुपी आठ महिने ठेवण्यात आली’ असं केलं. मी ते पुन्हा खोडलं. समितीतल्या एकानं विचारलं, “या मावशी कोण?” मी म्हटलं, “त्यांना कळतं.” “काय कळतं?” याचं उत्तर मला देता आलं नाही. पण प्रकरण राहिलं.

निकाल हातात पडला त्याच दुपारी मी कागदपत्रांच्या खोलीत गेले. सरांशी बोलून ठेवलं होतं. माझ्या मते मी फार मोठी गोष्ट घेऊन चालले होते.

“मावशी, मी तक्रार मागे घेतेय. लेखी. सर हो म्हणालेत. तुम्ही सोमवारपासून परत या.”

“कुठे?”

“प्रयोगशाळेत! तुमच्या जागी.”

ती फाईलला फीत बांधत राहिली, आणि मला वाटलं डावीकडून बोलले, ऐकू आलं नसेल. मी दुसऱ्या बाजूला जाऊन पुन्हा सांगितलं.

“ऐकलं मी,” ती म्हणाली. “कशाला येऊ? इथे खुर्ची आहे.”

मी म्हटलं, “स्टूल मी परत ठेवलंय सिंकपाशी.”

“चार वर्षं नव्हतं ते.” तिनं पाय लांब केले. घोटे सुजलेले नव्हते, एवढंच मला दिसलं. पूर्वी कायम सुजलेले असायचे आणि मला वाटायचं तिचे पायच तसे आहेत. “पोरी, पहिला महिनाभर मी रोज तुला शिव्या घातल्या. इथे बसून. मोठ्यानं, कुणी नसायचंच ऐकायला. मग एक दिवस घरी जाताना जिना चढले आणि मधे थांबावं लागलं नाही. तेव्हापासून शिव्या घालायच्या म्हटलं की अर्ध्यातच विसरायला होतं.”

“म्हणजे मी चांगलं केलं?” हे मी का विचारलं, देव जाणे.

“छे! चांगलं कुठलं. पत्र वाचलं तेव्हा मी जेवले नाही दोन दिवस.”

“तुम्ही वाचलंत?”

“मला वाचता येतं, बाई. बावीस वर्षं तुमची लेबलं बघून कुप्या ठेवत होते, ती काय वास घेऊन?” ती उठली, डावीकडचं तिसरं कपाट उघडलं आणि एका फायलीच्या पाठीवर बोट ठेवलं. “इथे आहे. आलं तेव्हा मीच लावलं. क्रमानं.”

मी हात पुढे केला. “द्या ना. मी फाडून टाकते.”

“आता ते संस्थेचं आहे. फाडता येत नाही.” तिनं कपाट लावलं, खुर्चीत येऊन बसली आणि फीत हातात घेतली. “दुसरं आणलंयस ना, मागे घेतलंय असं लिहिलेलं? ते दे. त्याच्यामागे लावते.”

मी माझा कागद दिला. तिनं तो सावकाश, ओळीखाली बिननखाचा अंगठा सरकवत शेवटपर्यंत वाचला, दोन भोकं पाडली, आणि तारीख विचारली.